दोन उतरवून ठेवावी

माझ्या नणंदेला सगळा बाजार 'उतारा' म्हणतो. तोंडावर उताराताई, पाठीमागे नुसतं उतारा. त्यांच्या दुकानात तारेचं कुठलंही वाद्य न्या, मान वाकली म्हणा, पोट फुगलं म्हणा, त्या दोन मिनिटं त्याच्याकडे बघतात आणि सांगतात, "सूर उतरवा." जणू जगातल्या सगळ्या विषांवर तेवढा एकच उतारा. लोक हसतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हसण्याला भ्यायचं तर एवढं जगलो कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते मान्य आहे.

मी त्यांची भावजय, दोन वर्षांनी लहान. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला 'वहिनी' म्हणून हवं ते ऐकवतात. मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि लिफ्टचे दोर तपासणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तारा तोडल्या. त्या शाळेपुढे शिकल्या नाहीत आणि साठ वर्षं तारा जुळवल्या. आमचं जमलं ते या तारांमुळे. माझ्या नवऱ्यामुळे जमलं असं तो समजतो, समजू दे.

त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. तिथे उतरूनच जावं लागतं, यावरही विनोद करून झाले आहेत. खिडकीखाली लांब बाक, त्यावर जुनी घोंगडी, भिंतीला चिकटवलेलं लाकूड दाबून धरायचे लाकडी शिकंजे मोठ्यापासून लहानापर्यंत टांगलेले. कोपऱ्यात पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं, त्यात सरस. त्याचा वास पहिल्यांदा येणाऱ्याला नकोसा होतो. वन्संच्या केसांनाही तोच येतो आणि त्यांना तो येत नाही.

हे दुकान माझ्या सासऱ्यांचं. सासरे गिटार बनवत. आयुष्यात त्यांनी बारा तारांच्या दोनच बनवल्या. बारातारी म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक तारेशेजारी तिची जोडीदार. आवाज असा भरून येतो की एकटा माणूस वाजवतोय हे खरं वाटत नाही. पण बारा तारा ओढणार कोणाला? पोटावर जी लाकडी पट्टी चिकटवलेली असते, जिच्यात तारा अडकवतात, त्या घोडीला. पूर्ण सुरात बारा तारा लावल्या की घोडीवर सव्वाशे किलोचा ताण येतो. दोन खाल्ल्यापिल्ल्या घरची माणसं त्या एवढ्याशा लाकडाला लटकली आहेत असं समजा.

पहिली बारातारी एका हॉटेलातल्या वाद्यवृंदाच्या प्रमुखासाठी होती. सासऱ्यांनी ती उतरत्या सुरात लावून दिली. प्रमुख म्हणाला, ही मरगळ नको, पूर्ण सुरात पाहिजे. गिऱ्हाईक मोठं होतं. सासऱ्यांनी चढवून दिली. आठ महिन्यांनी भर कार्यक्रमात घोडी दार आपटल्यासारखा आवाज करून उखडली आणि वाजवणाऱ्याच्या हनुवटीवर बसली. गावभर झालं, यांचा सरस कच्चा. सासरे कोणाला एक शब्द बोलले नाहीत.

वन्सं तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मोडकी गिटार परत आली तेव्हा त्यांनी ती घोडी उलटी करून पाहिली. सरस सुटला असता तर ती खालून गुळगुळीत निघाली असती. इथे तिच्या तळाला पोटाच्या लाकडाचे धागेच्या धागे चिकटून आले होते, चिकटपट्टी ओढताना कातडी यावी तसे. म्हणजे सरस पक्का होता. लाकूड फाटलं होतं. त्या धावत वडिलांकडे गेल्या.

"बाबा, हे बघा. तुमची चूक नाहीच आहे."

"मला दिसतंय," सासरे म्हणाले. "पण त्याने सांगितलं म्हणून मी चढवली ना? मग माझीच."

पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी बारातारी बनवली, एका परगावच्या माणसाला दिली, आणि त्यानंतर नवीन वाद्य बनवलं नाही. मरेपर्यंत दुसऱ्यांची मोडकी जोडत बसले. ती घोडी वन्संनी बिस्किटांच्या डब्यात ठेवली. लग्नाची दोन स्थळं आली तेव्हा एका मुलाला त्यांनी ती दाखवली होती म्हणे, परीक्षा म्हणून. तो म्हणाला, छान आहे. त्यावर त्यांनी नकार कळवला.

गेल्या वर्षी एका मंगळवारी मी दुकानात बसून त्यांच्या तारांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या डकवत होते. पायऱ्या उतरून एक गृहस्थ आले. साठीचे, खणखणीत, आवाज असा की पलीकडच्या शिंप्याने मान वर केली. दोन तासांच्या अंतरावरच्या एका गायक मंडळाचे ते प्रमुख. त्यांच्या मागून त्यांची मोठी बहीण, मंडळाची मुख्य गायिका. गिटारची भलीमोठी पेटी तिच्याच हातात होती. हे मी तेव्हाच नोंदवून ठेवलं.

"इथे बारातारी दुरुस्त होते म्हणे."

"होते," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडली. "पण ही तर दहातारी आहे."

खरंच, खुंट्या बारा आणि तारा दहा. वन्सं पुढे काही बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष पेटीच्या झाकणाकडे गेलं. आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवली होती. शाईने एकच ओळ: 'दोन उतरवून ठेवावी.' त्यातला 'ठ' वरून उघडा राहिलेला. माझे सासरे ठ कधी पूर्ण मिटत नसत; किराण्याच्या यादीतसुद्धा.

वन्संनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी पाकिटं बाजूला ठेवली.

"ही चिठ्ठी तुम्ही वाचलीत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय. आमच्या गुरुजींपासून पाळतोय आम्ही. कारागिराने लिहिलंय दोन उतरवून ठेवा, गुरुजींनी दोन उतरवल्या. सगळ्यात बारीक दोन. त्यातली एक तशीही सारखी तुटायची. चाळीस वर्षं उतरवलेल्याच आहेत. आता पंधरा दिवसांनी आमचं रेकॉर्डिंग आहे, तेवढ्यापुरत्या परत चढवा."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. वन्सं हसल्या नाहीत.

"अहो, दोन तारा नव्हे," त्या म्हणाल्या. "दोन पडदे. सबंध गिटार दोन पडद्यांइतकी खालच्या सुरात लावायची. बाराही तारा. उतरवणे म्हणजे सूर उतरवणे. सदरा उतरवतात तसं नव्हे."

"तसं लिहिलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. 'ठेवावी' म्हणजे एक गिटार, दोन तारांना 'ठेवाव्यात' लागलं असतं; पण एवढं व्याकरण कोण बघतं. ज्या माणसाने दिवसभर सुरांशिवाय दुसरा विचार केला नाही, त्याला 'दोन'पुढे 'काय' लिहायची गरज वाटली नाही. आणि ज्यांनी ती वाचली, त्यांना खुंट्यांवर डोळ्यांना दिसल्या त्या तारा.

वन्संनी कागदाचा कपटा घेतला आणि घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवला. निम्मा आत गेला.

"दहा तारांनी हे केलंय. त्याही जाड घातल्यात तुम्ही. पोट बघा कसं फुगलंय. बारा पूर्ण सुरात चढवल्या तर रेकॉर्डिंगमध्ये हिचा शेवटचा आवाज तेवढा मिळेल तुम्हाला."

"मग चिकटवा घट्ट. तुमचं कामच ते."

"चिकटवते. चढवणार नाही. बारीक तारांचा संच घालून दोन खाली लावून देईन. तुम्हाला नेहमीचाच सूर पाहिजे तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावा." कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपाशी, पडद्यांपाशी, बसवायचा चिमटा, तारा तिथे दाबल्या जातात, सूर वर जातो आणि घोडीवरचा भार होता तेवढाच राहतो.

"कॅपो?" गृहस्थ म्हणाले. "चाळीस वर्षांचं मंडळ आमचं. आमचं वाद्य कुबडी घेऊन जाणार नाही."

"कुबडी घेऊन गेलेलं निदान चालत परत येतं."

बहिणीने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसत होती.

"हे बघा बाई," ते आणखी वरच्या पट्टीत गेले, "गिटार मंडळाची आहे. तुम्ही घोडी चिकटवा. शनिवारी येतो, या नव्हे, पुढच्या. खुंट्या पिळायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

आणि हे खरं होतं. गिटार त्यांची होती. ते ती घरी नेऊन हवी तशी पिळू शकत होते. सासऱ्यांच्या हातची शिल्लक असलेली एकमेव बारातारी, अकरा दिवसांनी त्या माणसाच्या हातात जाणार होती.

जेवताना माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे मध्यस्थी केली. "ताई, गिऱ्हाईक म्हणतं तसं करून मोकळी हो ना. तुझं काय जातंय?"

"बाबांनी तेच केलं होतं," वन्सं म्हणाल्या, "आणि ते मोकळे झाले नाहीत."

तो आमटी ओरपत राहिला. त्याला एका वाक्यात गप्प करणं मला पन्नास वर्षांत साधलेलं नाही.

पुढचे दिवस वन्संनी दुकानाची कडी आतून लावून घेतली. पातळ सुरी गरम करून घोडी हलक्या हाताने सोडवली, जुना सरस कोमट पाण्याने पुसला, पोटाच्या आतली एक सुटलेली आडवी पट्टी आरशात बघत बघत चिकटवली. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. चहाचा कप दोन हातांनी धरतात. पण ती पट्टी बसवताना हात हलला नाही. मी तिथेच उभी होते.

पाचव्या दिवशी त्या मोजपट्टी घेऊन माझ्याकडे घरी आल्या. चप्पल दारात आणि प्रश्न स्वयंपाकघरात.

"वहिनी, बाबांचं माप चुकलंय. खुंट्यांपासून घोडीपर्यंत तार दोन बोटं जास्त लांब आहे. नेहमीच्या गिटारपेक्षा."

"मग?"

"बाबांचं माप चुकत नाही."

मी वही घेतली. तिसऱ्या जोडीतली बारीक तार सगळ्यात उंच सुराची असते. गुरुजींची 'सारखी तुटायची' ती हीच. आता, पोलादी तार किती उंच सुराला तुटेल हे तिच्या लांबीवर ठरतं. जाडीवर जवळजवळ नाहीच. जाड तार घेतली तर ताकद वाढते, पण तोच सूर गाठायला ताणही तेवढाच जास्त लागतो. हे लोकांना सांगून पटत नाही. कारखान्यात मी नव्या इंजिनिअरांना दरवर्षी दोर तोडून दाखवत असे. गणित मांडलं. दोन बोटं जास्त लांबीवर ती तार दोन खाली सुखाने राहत होती. पूर्ण सुराला मात्र ती जेमतेम पोचते न पोचते, तोच तुटायला हवी होती.

"म्हणजे चढवायला गेलं की आधी ती तुटणार," वन्सं सावकाश म्हणाल्या. "घोडी उखडायच्या कितीतरी आधी."

"हो. घरातल्या फ्यूजसारखी."

"आणि यांनी नेमकी तीच काढून ठेवली. चिठ्ठी वाचून."

मी वही मिटली आणि म्हणाले, "वन्सं, मामंजींनी मुद्दाम केलं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि गणितात अर्ध्या पडद्याचाच फरक आहे. एवढ्यावर मी कारखान्यात सही केली नसती."

"तुझी सही कोणी मागितलीय? मला शनिवार पार पाडायचाय."

शनिवारी भाऊबहीण दोघं आली. गिटार बाकावर होती: बारा तारा, दोन खाली लावलेली, पोट पुष्कळसं बसलेलं. वन्संनी एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. खोलीभर तो आवाज पसरला आणि शिकंजेसुद्धा बारीक घुमले. बहिणीने डोळे मिटले. गृहस्थांनी फोन काढला. त्यात सूर दाखवणारा काटा असतो.

"छान. आता पूर्ण सुरात."

"चढवा," वन्सं म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पण माझ्या दुकानात, माझ्यासमोर. आणि आधी ही." त्यांनी ती तिसरी बारीक तार दाखवली. "एवढी एक चढवा. ही पूर्ण सुराला टिकली तर बाकीच्या अकरा मी माझ्या हाताने चढवून देते आणि दारावरची पाटी काढते. नाही टिकली, तर या गिटारची एकही खुंटी तुम्ही पुन्हा वर पिळायची नाही. कबूल?"

"एका तारेवर?"

"एका तारेवर."

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो म्हण की. घाबरतोस होय?"

ते बसले. खुंटी पिळली. फोनवरचा काटा सरकत गेला, आणि सुराच्या अलीकडे टण्कन आवाज झाला. तार तुटली.

"तार जुनाट होती."

"पाकीट तुमच्यासमोर फोडते." वन्संनी नवी चढवली, थोडी जाड. ती पहिलीच्या जवळपास त्याच जागी तुटली. गृहस्थांनी तुटकं टोक उचलून उजेडात धरलं, जणू त्यावर कोणी काही लिहून ठेवलं असेल.

मग त्यांनी खिशातून स्वतःचं पाकीट काढलं. तयारीने आले होते. "ही वेगळी आहे. नव्या बनावटीची. सगळे मोठे वादक हीच वापरतात."

माझ्या गणितात नवी बनावट नव्हती. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले, दुसरं काय करणार. तार चढली. पहिल्या दोघींच्या जागेपुढे गेली. काटा सरकत सरकत पूर्ण सुराच्या रेघेला टेकायला आला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. वन्सं दारावरच्या पाटीकडे बघत नव्हत्या. त्या घोडीकडे बघत होत्या.

"आलंच," ते म्हणाले, आणि खुंटी केसभर फिरवली.

तार तुटली आणि त्यांच्या बोटाच्या पेरावर सप्पकन बसली. बहिणीने पर्समधून रुमाल काढून दिला. काढायला तिने बराच वेळ घेतला.

"ही तारच नको मग," ते पेर दाबत म्हणाले. "होती तशी दहाची करू."

"कबूल काय केलं होतं?" वन्सं म्हणाल्या. "आणि रेकॉर्डिंगवाल्यांना बारातारी म्हणून सांगितलंय ना? बारा मोजता येतात त्यांना."

त्यांनी रुमाल पेराभोवती गुंडाळला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. द्या तो कॅपो."

"कॅपो नको," बहीण म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पेटी वाहणारी, हसू लपवणारी बाई, तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. जाडसर, खालचा, सुंदर आवाज होता.

"दहा वर्षं झाली, मला ती पट्टी झेपत नाहीये," ती म्हणाली. "वरचा सूर आला की मी नुसतं तोंड उघडते, मागच्या बायका गातात. तुला कधी कळलंही नाही. तू वाजवण्यात असतोस."

"अक्का, तू बोलली नाहीस."

"तू ऐकलं असतंस?"

वन्संनी चौथ्यांदा तार चढवली, दोन खाली लावली, आणि गिटार गृहस्थांच्या हातात दिली. ते वाजवायला लागले, आधी फुरंगटून, मग सवयीने. बहीण उभ्यानेच गायली. वरच्या सुरापाशी आली तेव्हा ती तिथे सहज जाऊन थांबली, जिना चढून आल्यावर माणूस कठड्याला टेकतो तशी. शिंपी दारात येऊन उभा राहिला होता. गृहस्थ खाली मान घालून वाजवत राहिले आणि गाणं संपल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"लोक म्हणतील, मंडळ उतरलं," ते शेवटी म्हणाले.

"म्हणू देत," वन्सं म्हणाल्या. "मला साठ वर्षं म्हणताहेत. बघा, दोन पायांवर उभी आहे."

निघताना गृहस्थांनी पेटी स्वतः उचलली. पण वन्संनी त्यांना थांबवलं, झाकण उघडायला लावलं आणि पेन घेतलं. मला वाटलं, त्या चिठ्ठी फाडून दुसरी लावणार. त्यांनी सासऱ्यांच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली, वाकड्या बोटांनी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तारा नव्हे. सूर.'

मग बिस्किटांचा डबा उघडून त्यांनी ती जुनी घोडी बाहेर काढली आणि दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. उलटी. लाकडाचे धागे बाहेर दिसतील अशी. कोणी सरस कच्चा म्हणालंच, तर त्या बोलत नाहीत, बोटाने दाखवतात.